अधीक्षकांच्या मागची जागा

त्या फोटोत अधीक्षकांच्या डाव्या खांद्यामागे वेणीचं टोक दिसत होतं, की नुसती झंपरची बाही, हे शेषेराव कंधारे आज खात्रीने सांगू शकत नाहीत. वेणी होती, असं त्यांना वाटतं. तिला रिबीन होती, असंही वाटतं. पण छत्तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवताना उत्तरपत्रिकेत ‘वाटतं’ हा शब्द दिसला की त्याखाली लाल रेघ मारणारा हा माणूस. आता स्वतःच्याच आठवणीखाली तीच रेघ मारायची वेळ त्यांच्यावर आली आहे. फोटो त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. केव्हाही उघडून बघता येतो. पण बघून शंका फिटत नाही, हीच तर अडचण आहे.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, उन्हाळ्यातली. शेषेराव मूळचे शिरूर अनंतपाळचे. नोकरीसाठी नांदेडला आले आणि तिथेच घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांना व्हिडिओ एडिटिंग शिकायची हुक्की आली. शिकवणारी राजकन्या. गल्लीच्या तोंडाशी तिचं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करून देण्याचं दुकान होतं. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. भूगोलात नापास झालेली, आणि ही गोष्ट ती दर दोन दिवसांनी त्यांना ऐकवायची.

“सर, तुम्ही मला दोन मार्कांनी नापास केलं होतं. आता सेव्ह न करता मशीन बंद केलीत ना, तर मी तुम्हाला शून्य देईन.”

दोन वर्षांत शेषेराव बऱ्यापैकी शिकले. मग किनवट भागातल्या एका संस्थेने त्यांना गाठलं. संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्थापनेला पन्नास वर्षं होत होती, त्यावर चाळीस मिनिटांचा माहितीपट हवा होता. वसतिगृह बंद पडूनही बराच काळ लोटला होता. खिडक्यांचे गजसुद्धा लोकांनी नेले होते. जुन्या दिवसांचं म्हणून एकच काही मिळालं, १९८४ सालचा एक ग्रुप फोटो. तीन रांगांत बावीस मुली, मागच्या रांगेत मधोमध उंचेपुरे, कोट घातलेले अधीक्षक, आणि त्यांच्या पाठीमागे जवळजवळ पूर्ण झाकली गेलेली तेविसावी मुलगी.

एकच फोटो पडद्यावर मिनिटभर ठेवला तर बघणारा जांभया देतो. म्हणून राजकन्येने त्यांना एक करामत शिकवली होती. फोटोतलं एकेक माणूस कडेकडेने कापून वेगळं काढायचं. प्रत्येकाचा एक पापुद्रा. त्याला लेयर म्हणतात. मग हे पापुद्रे मागेपुढे अगदी हळू सरकवायचे. फोटोत वारा शिरल्यासारखं होतं. माणूस कापला की त्याच्या जागी भोक पडतं. ते शेजारच्या भिंतीचा रंग ओढून भरून टाकायचं. कारण फोटोत माणसाच्या मागे काही नसतं, भिंतदेखील नसते. हे शेषेरावांना तेव्हाही पक्कं ठाऊक होतं, एवढं इथे सांगून ठेवलेलं बरं.

मुलाखती घेत ते इस्लापूरच्या पुढे, सागाच्या जंगलाला टेकलेल्या एका खेड्यात मनकर्णाबाईंकडे गेले. बाई सत्तरीच्या. त्यांची मुलगी बबिता त्या वसतिगृहात होती, आणि फोटो काढला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापाने गेली होती.

“मला एकच लेक,” बाई कॅमेऱ्यापुढे म्हणाल्या. “तिच्या मागून हा हनुमंत झाला. अकरा वर्साची होती. ताप आला म्हणून निरोप आला, आमी पोचलो तं संपलं होतं. हितंच आणून माती दिली.”

मुलाखत झाल्यावर शेषेरावांनी लॅपटॉप उघडून त्यांना फोटोचा नमुना दाखवला. पुढच्या रांगेतल्या मुली किंचित पुढे आल्या, अधीक्षक इंचभर डुलले. बाई पुढे सरकल्या.

“ते सायेब हलले की!”

“हाव माय, कंप्युटरनं हलवून राहिले सर,” हनुमंत म्हणाला. तो तिथल्याच शाळेत शिपाई होता.

“मंग त्यांला जरासं बाजूला सारा की, गुरुजी. त्यांच्या मागं माझी बबिता हाय.”

हनुमंत हसला. “माय, फोटू हाय त्यो. एस्टी न्हाई, जरा सरका म्हणायला.”

बाई हसल्या नाहीत. “फोटू घेऊन आल्या तवा पोरींनीच सांगितलं मला, बबिता मागं हाय म्हणून. दुसरा फोटू न्हाई तिचा. गुरुजी, तिचं तोंड गेलं माझ्या ध्यानातून. आवाज हाय. चालणं हाय. लुगड्याला धरून ओढायची, त्ये बी हाय. तोंडच येत न्हाई. आन् आता ह्ये डोळे...”

काचबिंदू. एक डोळा गेला होता, दुसऱ्यात जेमतेम मधला उजेड उरला होता. डॉक्टरांनी चार महिने सांगितले होते, फार तर सहा. त्याआधी एकदा लेकीचं तोंड बघायचं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

‘नाही होत, बाई,’ एवढं बोललं की काम भागणार होतं. शेषेराव म्हणाले, “बघतो.”

नांदेडला परतल्यावर तो ‘बघतो’ त्यांना बसू देईना. माहितीपटात खोटं घालायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. पण हे माहितीपटासाठी कुठे आहे, असं मन म्हणायचं. एका बाईला दाखवायचं आणि पुसून टाकायचं. मग दुसरं मन म्हणायचं, खोटं ते खोटंच. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं तेव्हा, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, कूलर चालू केला आणि अधीक्षकांचा लेयर हातात घेतला.

सहा सेकंदांत अधीक्षक हातभर डावीकडे सरकतील, असं त्यांनी बसवलं. सहा सेकंद म्हणजे दीडशे फ्रेमा, दीडशे चित्रं. मागचं भोक भिंतीने भरलं. मग मनकर्णाबाईंच्या मुलाखतीतून त्यांचं कपाळ आणि गालाची हाडं उचलली, सुरकुत्या पुसल्या आणि त्याचा एक धूसर चेहरा करून त्या जागी ठेवला. मुद्दाम धूसर. नाक आहे-नाही, डोळ्यांच्या जागी नुसती सावली. बाईंना मंद दिसतं, बाकीचं त्या आपल्या मनाने भरतील, असा त्यांचा हिशेब होता. त्याची त्यांना लाज वाटत होती. तरी त्यांनी रेंडर लावलं. रेंडर म्हणजे मशीन एकेक चित्र पक्कं करत जातं. त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी चहा केला.

चहा घेऊन आले तर खोलीत कसलासा वास होता. कूलरच्या वाळ्याचा नव्हे. कडवट, ओला, पाल्याचा. बऱ्याच वेळाने त्यांना आठवलं. लहानपणी ताप आला की आई निरगुडीचा पाला उकळून त्याची वाफ द्यायची. तो वास.

त्यांनी शॉट लावला. अधीक्षक हळूच बाजूला झाले. मागे मुलगी उभी होती.

चेहरा धूसर नव्हता. दोन वेण्या, तेलाने चापून बसवलेले केस, वरचा ओठ किंचित उचललेला. बाईंचं कपाळ नव्हतं, गालही नव्हते. शेषेराव खुर्चीच्या टोकावर बसून राहिले. ‘हे मी केलं?’ पहिला विचार हाच आला. गेल्या महिन्यात ते गॅस चालू ठेवून बाजारात गेले होते. त्याआधी एका लग्नात भावाच्या नातवाचं नाव त्यांना आठवलं नव्हतं. केलंही असेल. करून विसरलो असेन...

त्यांनी राजकन्येला बोलावलं. ती हळदीच्या व्हिडिओचं काम टाकून आली, म्हणून आल्याआल्या कुरकुरली. “उदगीरची पार्टी आहे सर, डोक्यावर बसलेत. काय बिघडवलंत आता?”

त्यांनी शॉट दाखवला.

“अरे वा! कुठून आणला हा चेहरा? एकदम बसलाय. मला म्हणता मिक्सिंगवाली, आणि तुम्ही तर—”

“राजकन्या, हा मी ठेवलेला चेहरा नाही.”

“मग काय मी ठेवला?” ती हसत खुर्चीवर बसली आणि लेयर तपासू लागली. शेषेरावांनी केलेला धूसर चेहरा तिथे होता. पण त्याच्या नावापुढची डोळ्याची खूण मिटलेली होती. म्हणजे तो लेयर बंद होता. रेंडरमध्ये तो येणारच नव्हता. “सर, हा तर तुम्ही चालूच केला नाही.” मग तिने सगळे लेयर एकेक करून बंद केले. अधीक्षक गेले, मुली गेल्या, उरली नुसती भिंत. कोरी. मुलगी कुठल्याच लेयरवर नव्हती.

तिने रेंडर झालेला शॉट पुन्हा लावला आणि बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे नेऊ लागली. नव्वद. एक्क्याण्णव. ब्याण्णव. मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. फोटोतल्या बाकी सगळ्या जणी समोर बघत होत्या, ही खाली. जणू समोर कुणी जमिनीवर बसलेलं असावं. शंभराव्या फ्रेमपर्यंत अधीक्षक मुलीसमोरून पूर्ण बाजूला झाले होते. त्यापुढे फक्त तेच सरकायला हवे होते.

“सर... ही हलून राहिली.”

“लेयरच नाही, तर हलेल कशी?”

“तेच म्हणते मी.” राजकन्येने माऊसवरचा हात काढून ओढणीला पुसला. “एकशे वीसला ओठ मिटलेले आहेत. एकशे पंचवीसला नाहीत... डिलीट करा, सर. मी नाही करणार. तुम्ही करा.”

जाताना तिने नेहमीचं नापास होण्याचं काही काढलं नाही. शेषेरावांनी शॉट काढून टाकला. धूसर चेहराही काढून टाकला. बाईंना खरं काय ते सांगायचं, असं ठरवल्यावर त्यांना आठवड्यात पहिल्यांदा धड झोप लागली.

तिसऱ्या दिवशी हनुमंतचा फोन आला. “सर, मायचा दुसरा डोळा बी लई उतरलाय. डॉक्टर म्हणले, आता दिवसावर आलं. ती रोज इचारती, गुरुजींनी सायबाला सारलं का? काय सांगू?”

शेषेरावांनी फोन ठेवला, मशीन लावली आणि फक्त अधीक्षक सरकतील असा शॉट नव्याने केला. चेहरा नाही, काही नाही. मागे भिंत. बाईंना तोच दाखवू, मागे काही नाही हे त्यांच्याच डोळ्यांनी बघू दे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते खरं होतं का, याचं उत्तर त्यांच्याकडे आजही नाही. रेंडर संपलं तेव्हा खोलीत पुन्हा तो वास होता. त्यांनी शॉट उघडूनही पाहिला नाही. पेनड्राइव्हवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले.

पोचेपर्यंत बारा वाजले. गावात चिटपाखरू नव्हतं, पत्रे तापून कडकड वाजत होते. हनुमंतने दार लोटून घेतलं, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. मनकर्णाबाई टीव्हीपुढे अगदी जवळ, हातभर अंतरावर, जमिनीवर बसल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. शेषेराव त्यांच्या मागे खाटेवर.

शॉट सुरू झाला. अधीक्षक सरकले.

ती होतीच. आणि तिची खाली वळलेली नजर नेमकी मनकर्णाबाईंच्या डोळ्यांवर येऊन थांबली.

सहा सेकंद संपले. टीव्हीने शेवटचं चित्र तसंच धरून ठेवलं. बाई नाक लावून बघत होत्या.

“ही न्हाई,” बाई म्हणाल्या.

“काय माय?”

“ही माझी बबिता न्हाई.” आवाज अगदी शांत होता. “बबिताचं नाक बसकं. भुवया अशा जुळलेल्या, माझ्या सासूवानी. हनुवटीला खळगी. हसली की उजवा गाल अगुदर हसायचा...” आणि मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. “आलं रं, हनुमंता! आलं तिचं तोंड ध्यानात! ही न्हाई म्हणता म्हणता आलं बघ. ही अशी न्हाई, ती तशी...”

त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. हातून पाप घडता घडता पुण्य घडलं, असं त्या क्षणी त्यांना वाटलं. ते उठले आणि म्हणाले, “बाई, मला माफ करा. हा शॉट खोटा आहे. फोटोत मागे काही नसतं. हे सगळं मशीन...”

“खोटी कशी असंल, गुरुजी?” बाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. “ही कोण हाय मंग?”

त्या पडद्याशी आणखी सरकल्या.

“वळखीची वाटती... कुठं बघितली?” बाई पुटपुटल्या. “कोणाची गं तू?”

तेवढ्यात लाइट गेली. त्या भागात दुपारी जातेच. पंखा घरघरत थांबला, पडदा काळा झाला. हनुमंत खिडकी उघडायला उठला. शेषेराव बाईंना हात द्यायला वाकले, पण बाई उठल्या नाहीत. त्या काळ्या पडद्याकडेच बघत होत्या, थोड्या वर, एखादं पोर समोर उभं असावं अशा. पाल्याचा कडू वास खोलीभर पसरला होता.

“माय...” हनुमंत हळूच म्हणाला. “टीव्ही बंद हाय.”

“गप ऱ्हा.” बाईंनी शेजारची जमीन तळहाताने झाडली. “बस, बाय. खाली बस. उभं राहून राहून पाय दुखले असतील...”

शेषेराव पेनड्राइव्ह तिथेच सोडून आले. पुढचं फार नाही. घरी येऊन त्यांनी शॉट उघडला तर अधीक्षक सरकत होते आणि मागे भिंत होती, कोरी. राजकन्येने दीडशेच्या दीडशे फ्रेमा बघितल्या. मग तिने मूळ फोटोचं स्कॅन उघडलं आणि शेषेरावांकडे न बघता म्हणाली, “सर, तुम्ही तर म्हणाला होता मागे कुणी तरी दिसतंय.” अधीक्षकांच्या खांद्यामागे वेणी नव्हती. बाही नव्हती. संस्थेतला मूळ फोटोही त्यांनी जाऊन भिंगातून बघितला. तिथेही बावीसच मुली. माहितीपट झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो शॉट त्यात नव्हता.

मनकर्णाबाईंची नजर पावसाळ्याआधीच पूर्ण गेली. त्या आणखी तीन वर्षं जगल्या. हनुमंत अधूनमधून फोन करायचा. माय खुशीत हाय म्हणायचा, बबिताचं तोंड कसं होतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगती म्हणायचा. एकदा मात्र तो म्हणाला, “सर, ती रोज दुपारी येणी घालती. बोटं नुसती हवेत हलती... पर दोन्ही येण्यांची गाठ मारल्यावर थांबती, आन् दुसऱ्या बाजूला वळून, तिथं बी कुणी बसल्यावानी, पुन्हा पहिल्यापासून घालती.”

बाई गेल्यावर शेषेरावांनी तो विषय मनातून काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. त्या उन्हाळ्यानंतर पाच वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, संस्थेचे जुने कागद रद्दीत निघाले, तेव्हा तिथले कारकून गुंडप्पा यांनी आठवणीने फोन केला. “बघायचे असतील तर आजच या, सर.” त्या ढिगात वसतिगृहाचं आजारपणाचं रजिस्टर होतं. १९८४, भाद्रपदाचे दिवस. बबिताची नोंद सापडली. वय अकरा, ताप, मृत्यू, आणि प्रेत ताब्यात घेतल्याबद्दल मनकर्णाबाईंचा निळ्या शाईतला अंगठा.

खालच्याच ओळीत त्याच तारखेची आणखी एक नोंद होती. वय अंदाजे दहा, ताप, मृत्यू. नावाचा रकाना कोरा. गावाचा कोरा. ‘घरचे कुणी आले नाही’ असा शेरा. पुढे तसाच निळा अंगठा. शेषेरावांनी भिंग लावून दोन्ही अंगठे रेषेला रेष लावून ताडून बघितले. मग ओळखीच्या एका निवृत्त ठसेतज्ज्ञाला दाखवले. तोही म्हणाला, बाई एकच.

अंगठ्याच्या शेजारी मृताशी नातं लिहायचा एक रकाना होता. तो दोन्ही नोंदींत भरलेला होता, एकाच हस्ताक्षरात, आणि दोन्हीकडे शब्द एकच होता: आई.